नानांची मशीन

"तिले थंडी वाजते, बाई. कायले घाई करता?"

थंडीत रोज सकाळी नाना हेच म्हणत. होडीच्या मागं लावलेल्या जुन्या मशीनबद्दल ते घरातल्या बाईबद्दल बोलावं तसं बोलत.

आम्ही बाया धरणाच्या पाण्यापलीकडे केळीच्या बागांत गवत निंदायला जायचो. रस्त्यानं मोठा फेरा पडायचा, म्हणून नानांची होडी. तुमच्यातल्या कुणी थंडीत तसली मशीन चालू होताना पाहिली असेल, तर तुम्हाला ठाऊक असेल. दोरी ओढली की ती खोकायची आणि गप्प व्हायची. नाना चोक ओढत, पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबत, तो हाताला घट्ट लागला की थांबत. पुन्हा दोरी. तरी नाही. मग प्लग काढून त्याचा वास घेत.

"ओली झाली," म्हणत. म्हणजे पेट्रोल जास्त प्यायली. "पदर द्या कोनी पुसाले."

"अक्काले सांगू का, नाना?" आमच्यातली सखू नानांच्या बायकोवरून चिडवायची.

"सांग. तिच्याच लुगड्याचं फडकं संपलं."

मग ते दूर जाऊन विडी ओढत. ओल्या मशीनवर जोर करायचा नसतो, तिला सुकू द्यायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. विडी संपली की प्लग बसवायचे, दोरी ओढायचे. मशीन चालू व्हायची.

एका सकाळी अक्कांच्या छातीत कळ आली. दवाखाना पलीकडे. आम्ही कामाला निघून काठावरच उभ्या होतो. अक्कांना होडीत निजवलं. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

नाना दोरी ओढू लागले. फुगा दाबला, पुन्हा दाबला. पेट्रोलचा वास मलासुद्धा आला.

"नाना, ओली झाली," सखू म्हणाली. "दम धरा."

"कोनाले सांगते?" नाना ओरडले. त्यांचा तसा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. ते दोरी ओढतच राहिले.

शेवटी बायांनीच वल्ही घेतली.

मध्ये पाण्यात अक्का मला हळूच म्हणाल्या, "त्याईले टोपी घालाले सांग."

मी सांगितलं. नानांनी ऐकलं की नाही, माहीत नाही. ते दोरी ओढत होते.

काठ यायच्या आधी अक्कांचं डोकं जड झालं. बाया वल्ही मारत राहिल्या.

दिवसकार्य झाल्यावर नाना पुन्हा आले. मशीन पाण्यातून वर उचलून तिच्यावर पोतं बांधलेलं होतं. ते वल्ह्यानंच आम्हाला नेऊ लागले. पुढं थंडी गेली, ऊन तापलं, तरी वल्हंच.

आम्हाला रोज उशीर व्हायचा. "कुठं मेल्या होत्या?" मुकादम ओरडायचा. आम्ही खाली मान घालून निंदायला बसायचो. नानांना कुणी काही सांगितलं नाही.

आता नाना लेकीकडे बोदवडला असतात. होडी काठावर उपडी पडली आहे. मुकादम आम्हाला न्यायला गाडी पाठवतो. फेऱ्यानं जातो, पण वेळेवर पोहोचतो.