पाणचक्कीची आठवी फळी

परदेशातल्या लोअर हट गावात, एका झेंडे छापणाऱ्या दुकानात मी तीन महिन्यांच्या बोलीवर लागले होते. पुण्यात मशीन डिझाइन करणारी बाई इथे शाळांचे नि क्लबांचे झेंडे कॉम्प्युटरवर काढत होती, आणि तेही टिकेल याची खात्री नव्हती. मालकाने पर्मनंटचं पत्र दिलं तर रेसिडेन्सी, नाहीतर सामान बांधायचं.

एक जर्मन म्हातारा गिऱ्हाईक आल्या आल्या माझ्या डोक्यात गेला. हॅलो नाही, काही नाही. काउंटरवर एक विटलेलं कापड आपटून म्हणाला, "नवीन. असाच." त्याच्या गावाचा झेंडा होता तो. उभा, हिरवा-पांढरा, मधोमध ढाल, ढालीवर पाणचक्कीचं चाक आणि खाली नदीची नागमोडी रेघ. आमच्याकडे एसटीही थांबली नसती एवढंसं गाव, पण तोरा साम्राज्याचा!

चाकाला सात फळ्या होत्या आणि आठवीच्या जागी नुसती खाच. कापड जागोजागी उसवलेलं, तेव्हा ती गळून गेली असणार असं मी धरून चालले. लंगडं चाक इंजिनिअरला बघवत नाही. मी आठवी फळी बसवली आणि वर स्वतःवरच खूश झाले.

न्यायला आला तेव्हा त्याने झेंडा उलगडला, बोटाने फळ्या मोजल्या आणि लालबुंद झाला.

"माझं चाक कोणी दुरुस्त केलं?"

मालकाने बिनदिक्कत माझ्याकडे बोट दाखवलं.

"पुरात चक्की मोडली, चार माणसं आत राहिली," म्हातारा सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ओरडला. "गावाने ती फळी मुद्दाम काढलीय. तुला कोणी सांगितलं बसवायला?"

मी दातओठ खात सॉरी म्हटलं. आधी दोन शब्द बोलला असता तर याचं काय बिघडलं असतं? मी कॉम्प्युटरवर ती फळी पुसत असताना तो माझ्या खुर्चीमागे पहाऱ्याला उभा राहिला. जाताना थँक यूसुद्धा म्हणाला नाही.

पुढच्याच आठवड्यात मालकाने पत्रासाठी बोलावलं. समोर माझा सीव्ही होता. "ही दोन वर्षं, फ्रीलान्स कन्सल्टिंग. कोणासाठी केलंस?"

ती ओळ नवऱ्याच्या सांगण्यावरून घातलेली. "अगं, इथे हीप्स लोक करतात, ढिगाने. गॅप दिसला की सीव्ही थेट बिनमध्ये," असं तो म्हणाला होता. भोसरीतल्या एका वर्कशॉपचं नाव मी पाठ करून ठेवलं होतं. ते ओठांवर आलं, आणि नेमका त्या थेरड्याचा आवाज कानात घुमला: तुला कोणी सांगितलं बसवायला?

"कोणासाठीच नाही," मी म्हटलं. "आई अंथरुणाला खिळली होती. मी तिला भरवत होते. मग ती गेली."

मालकाने सीव्ही मिटून माझ्याकडे सरकवला. खोटं लिहिणारी माणसं मी ठेवत नाही, म्हणाला.

घरी नवरा भडकला. "विचारलं तेवढंच सांगायचं ना! काय गरज होती?" महिनाभर आम्ही धड बोललो नाही. त्या म्हाताऱ्यावरचा माझा राग आजही गेलेला नाही. पण या देशात आल्यावर आई गेल्याचं मी कुणाला तरी सांगितलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.