आखाजीपासून आखाजीपर्यंत

ब्राह्मणपुरीच्या फुलवंताबाईला व्याजाचे दर आकड्यांत कळत नसत, झोक्यात कळत.

अंगणातला झोक्याचा निंब वादळात पडला आणि त्या वर्षी सासरी नांदणारी लेक ममता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलीच नाही. "माय, झोका नही तं आखाजी कसानी?" ती सणाच्या आठ दिवस आधीच फोनवर हसत म्हणाली. लेक थट्टा करतेय हे कळूनही ते हसणं फुलवंताबाईच्या काळजात रुतलं. सासुरवाशिणीने माहेरी येऊन झोका घ्यायचा, हीच तर आखाजी. तेव्हापासून तिच्या डोळ्यांपुढे अंगणात एक लोखंडी झोका हलू लागला. ज्वारीचे पापड, बिबडे, थापताना हलायचा, ते उन्हात टाकून सावलीत डोळा लागला तरी हलायचा.

बिबडे विकून साठवलेले पैसे म्हातारपणाचे, त्यांना हात लावायचा नव्हता. झोका यायला हवा होता तो व्याजातून. म्हणून त्याच आखाजीच्या मुहूर्तावर बाई शहाद्याच्या बँकेत जाऊन बसली. तिथला कारकून हेमकांत गावातलाच, मोठा सोशिक. बचत खात्यातून पैसे केव्हाही काढता येतात, तो म्हणाला, पण व्याज जेमतेम तीन टक्के. बाईला नुसता दोर दिसला. आरडीत दर महिन्याला थोडं थोडं भरायचं, दर चांगला, पण व्याज हळूहळू साठणार. आता पाट दिसला, साखळ्या नाहीत. मुदत ठेवीत मात्र सगळे पैसे एकदम वर्षभर अडकवायचे आणि व्याज बचतीच्या दुप्पट. इथे अख्खा झोका दिसला, त्यावर ममता बसलेली, पदर वाऱ्यावर.

"ह्या आखाजीपाईन त्या आखाजीलगून ठेव, भाऊ."

बाईने वर्ष धरलं तिथीचं, हेमकांतने तारखेचं. बँकेच्या खुर्चीत बसल्यावर ही दोन वर्षं जुळत नाहीत हे त्यालाही सुचलं नाही.

पुढची आखाजी मुदत भरायच्या दहा-अकरा दिवस आधीच दारात आली. ठेव मोडावी तर व्याज कापलं जाणार. ममता आली, रिकाम्या अंगणात उभी राहिली आणि फुलवंताबाईला रडूच फुटलं. दरवेळी सण उरकताच परतणाऱ्या लेकीने सगळं ऐकून घेतलं. "मंग पैसा सुटतस तवलगून मी आठेच ऱ्हासू," ती म्हणाली. आणि खरंच इथेच राहिली.

मायलेकी मिळून बिबडे थापायच्या, दुपारी एकाच खाटेवर पडून झोका कुठे ठेवायचा ते ठरवायच्या. रोज जागा बदलायची. इतकं सुख फुलवंताबाईला लेकीच्या लग्नानंतर मिळालं नव्हतं, आणि ते संपणार म्हणून तिचा जीव खालीवर होत होता.

मुदत भरली त्या सकाळी ममता पिशवी घेऊन तयार झाली. समोरून हेमकांतची मोटारसायकल शहाद्याकडे गेली. दोघींनी पाहिली.

"आज बँक बंद शे," फुलवंताबाई पिठातून हात न काढता म्हणाली.

ममताने तिच्याकडे पाहिलं, पिशवी खुंटीला अडकवली आणि समोर येऊन बसली.

"मंग उद्या जाऊत, माय."