नावानिशी हाक मारणारे धोंडीभाऊ

धोंडीभाऊ पोस्टमनना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा ते एका मारहाणीकडे पाठ करून उभे होते.

कुसगावच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू होऊन मला आठवडाच झाला होता. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षे आधीची गोष्ट. शाळेसमोरच्या पारावर पाच-सहा माणसे तंबाखू मळत बसली होती आणि त्यांच्यापासून दहा पावलांवर एक दारुडा आपल्या बायकोला केसांना धरून दगडावर आपटत होता. तिच्या कपाळातून रक्ताची धार लागली होती. पारावरचा एकजण, "आज लय झालीया वाटतं," असे म्हणून चुन्याची डबी पुढे सरकवत होता. तेवढ्यात खाकी कोटातला एक काटकुळा माणूस टपालाची पिशवी सावरत धावत आला. मला वाटले, हा आता दारुड्यावर झेप घेणार. पण त्याने तिकडे पाहिलेदेखील नाही. पाराकडे तोंड करून तो ओरडू लागला, "सखाराम बाबू, ऊठ! गणा शिवराम, ऊठ! म्हादू, तुला सांगतुया, ऊठ!"

माणसे उठली. धोतरे झटकत, एकमेकांच्या नजरा चुकवत, पण उठली. पाचजणांनी मिळून त्या दारुड्याला पुरते आडवे केले.

लोणावळ्याच्या टपाल कचेरीतून निघून कुसगाव, औंढे, कार्ले असा धोंडीभाऊंचा रोजचा पायी फेरा. घराघरातल्या माणसाचे नाव, बापाचे नाव त्यांना तोंडपाठ. मी लोणावळ्याच्या बाजारात एका कापडवाल्याच्या माडीवर राहत असे. आईचे पत्र घेऊन आले की ते माझ्याकडे चहा प्यायला टेकत. बशीतला चहा फुंकत एकदा म्हणाले, "मास्तर, मारनाऱ्याचे हात चालत्यात, कारन बाकीच्यांचे खिशात असत्यात. गर्दीला हाक मारून कुनी येत न्हाई. नाव घ्यावं लागतं."

"हे कुठे शिकलात?" मी विचारले.

त्यांनी बशी खाली ठेवली. त्यांच्या धाकट्या भावाला कार्ल्याच्या खाचरात, पाण्याच्या पाळीवरून, फावड्याने ठार मारले होते. भर दुपारी, लावणीच्या दिवसांत. "समदं शिवार मानसांनी भरल्यालं. फौजदारानं इचारलं, कोन कोन हुतं? तर कुनीच न्हवतं. मीच मंग घरोघर हिंडलो. म्हनलं, तुमी वरडला का न्हाई? तर जो त्यो म्हनं, मला वाटलं दुसरा कुनी वरडंल."

लोक त्यांना मागे हसत. "आला लष्कराची हजेरी घ्यायला," म्हणत. सोडवासोडवीत त्यांचे नाक वाकडे झाले होते आणि पुढचे दोन दात गेले होते. पण ते दिसले की भांडणारे आवाज खाली आणत, हेही खरे. मला त्यांचा अभिमान वाटे. मी त्यांचा मित्र आहे, हे मी चारचौघांत सांगत असे.

नंतरच्या उन्हाळ्यात, एका बाजारच्या दिवशी, नागू कातकऱ्याला मारले. औंढ्यापलीकडच्या रानात एका ठेकेदाराच्या कोळशाच्या भट्ट्या होत्या. नागूची बायको भिमी तिथे तापाने फणफणली, म्हणून घेतलेली उचल फिटायच्या आधीच तो तिला घेऊन भट्टी सोडून निघून आला होता. भट्टीवरचे दोन मुकादम त्याला शोधत बाजारात आले. सुक्या मासळीच्या दुकानांपुढे त्यांनी त्याला गाठले आणि कुऱ्हाडीच्या दांड्याने झोडपायला सुरुवात केली. पहिल्या दोन तडाख्यांत त्याचे गुडघे गेले. तो बोंबलांच्या पाटीवर पडला. भिमी मधे पडली, तर तिला लाथेने उडवले. हाड मोडल्याचा आवाज मी कापडाच्या दुकानात उभा राहून ऐकला. सदऱ्यासाठी मापून घेतलेले कापड माझ्या हातावर तसेच होते.

धोंडीभाऊ आले. पिशवी खाली ठेवली, बाजाराकडे तोंड केले आणि नावे घ्यायला लागले.

"सखाराम बाबू!" सखारामने टोपी पुढे ओढली. "गणा शिवराम!" गणा पाटी उचलून दुसऱ्या गल्लीत गेला. वाण्याचे नाव घेतले, त्याने फळ्या लावून घेतल्या. ठेकेदार मोठा होता, भट्ट्यांवर निम्म्या बाजाराचे पोट होते. धोंडीभाऊ ओरडतच राहिले, घसा फाटला, तोंडाला फेस आला. मागे दांडा पडतच होता. नागू आता ओरडतही नव्हता. मग धोंडीभाऊंची नजर दुकानादुकानांतून फिरत माझ्यावर आली. आता नाव येणार, आता येणार. नजर माझ्यावर थांबली आणि पुढे गेली. मला सुटल्यासारखे वाटले. इतकी वर्षे झाली, ते सुटल्यासारखे वाटणे मी विसरू शकलो नाही.

"म्हादू..." असे ते म्हणत होते, तेवढ्यात दांडा त्यांच्या कानशिलावर बसला. ते कोसळले. नागू तिथेच मेला. मुकादम भर बाजारातून चालत गेले, लोकांनी त्यांना वाट करून दिली.

आठ दिवस मी औंढ्याला त्यांच्या घरी गेलो नाही. गेलो तेव्हा धोंडीभाऊ ओट्यावर पडून होते. जबडा फडक्याने बांधलेला, कानातून पू वाहत होता. त्यांची बायको चमच्याने पेज भरवत होती.

"धोंडीभाऊ, मी त्या दिवशी कापडाच्या दुकानात होतो," मी म्हणालो.

"म्हाईत हाय." शब्द दातांमागून कसेबसे येत होते.

"मग माझं नाव का घेतलं नाहीत?"

त्यांनी पेजेचा चमचा हाताने बाजूला सारला. "समद्यांची घेतली. कुनी आलं न्हाई. तुमचं बी घेतलं आन तुमी बी न्हाई आला, तर काय ऱ्हातं? म्हनलं, येक नाव ऱ्हाऊ द्यावं. नाव घेतलं असतं तर मास्तर आला असता, आसं म्हनाया तरी."

त्यांच्या बायकोने तोंड फिरवले. मी उठलो आणि पायीच वडगावच्या फौजदार कचेरीकडे निघालो. जबानी देऊन परतायला दुसरा दिवस उजाडला.

त्याच आठवड्यात कापडवाल्याने माझे सामान रस्त्यावर ठेवले. कुसगावच्या रस्त्यावर तिघांनी मला गाठले आणि तोंडावर घोंगडे टाकून माझ्या दोन बरगड्या मोडल्या. शेतात माणसे होती. कुणी मान वर केली नाही. घोंगड्याखाली मी त्यांच्यावर चिडलोसुद्धा नाही. मान खाली घालून उभे राहणे कसे असते, ते मला ठाऊक होते.

खटला पुण्याला चालला. आरोपीच्या वकिलाने विचारले, "हा माणूस मरत असताना आपण काय करत होता?"

"उभा होतो," मी म्हणालो. "बघत होतो."

कोर्टात हशा झाला. मोठ्या मुकादमाला शिक्षा झाली, धाकटा सुटला. ठेकेदाराचे नाव कुणी काढलेच नाही.

निकाल सांगायला मी औंढ्याला गेलो, तर कानातले विष डोक्यात चढून धोंडीभाऊ चार दिवसांपूर्वीच गेले होते. त्यांची बायको दारात तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवले.

"कोर्टात कोन कोन बोललं?" तिने विचारले.

"मी आणि भिमी."

"आन बाजारातलं?"

"कोणी नाही."

ती म्हणाली, "त्यास्नी सांगाया पायजे हुतं, तुमी बोलला म्हनून." आणि सूप पुन्हा उचलले.