न दुखणाऱ्या पाठीचं ऑपरेशन

आम्ही खोकल्यासाठी गेलो होतो. मी तेव्हा नववीत होते. खोकला काही केल्या जात नव्हता, म्हणून आई मला कामरगावहून कारंज्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढायला लावला, उजेडावर धरला आणि म्हणाले, "फुफ्फुसं साफ आहेत. पण हिची पाठ कधीपासून अशी आहे?"

आई म्हणाली, "कशी?"

त्यांनी मला पाठमोरं उभं केलं आणि हात जुळवून पुढे वाकायला सांगितलं. आईला माझ्या मागे बोलावलं. मी फरशीकडे बघत होते. मागून आईचं एवढंच ऐकू आलं, "अवं माय!"

माझ्या उजव्या बाजूच्या बरगड्या डावीपेक्षा वर आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, याला स्कोलिओसिस म्हणतात. पाठीचा कणा एका बाजूला वाकतो आणि वाकता वाकता पिळला जातो. वाढीच्या वयात होतो, मुलींमध्ये जास्त वाढतो. आईने विचारलं, कशामुळे? ते म्हणाले, "बहुतेक वेळा कारण सापडत नाही."

खोकला त्याच आठवड्यात गेला. पाठ मात्र आमच्यासोबत घरी आली.

मंगरूळपीरच्या मावशीने दप्तराला दोष दिला. शेजारच्या काकू म्हणाल्या, मी मुटकुळं करून झोपते म्हणून. कोणी मालिश सांगितलं, कोणी लोंबकळायला सांगितलं. मी दाराच्या चौकटीला लोंबकळले सुद्धा. मला सगळ्यांचंच पटायचं आणि कोणाचंच पटायचं नाही. पाठ मला दिसत नव्हती आणि दुखतही नव्हती. आई मात्र मी झाडू मारायला वाकले की हातातलं काम थांबवून बघत राहायची. मग मी वाकणंच टाळू लागले.

नागपूरला कण्याच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे उभं राहून पूर्ण पाठीचा एक्स-रे काढला. त्यावर रेघा मारून डॉक्टरांनी कॉब अँगल मोजला, म्हणजे बाक किती अंशांचा आहे ते. तो पन्नाशीच्या जवळ होता. बाक लहान असताना कंबरेला आणि छातीला घट्ट पट्टा घालतात, त्याला ब्रेस म्हणतात. माझ्यासाठी ती वेळ निघून गेली होती. डॉक्टर म्हणाले, दिवाळीनंतर पुन्हा बघू. वाढला असेल तर ऑपरेशन.

बाबा कामरगाव-कारंजा काळीपिवळी चालवतात. रोज जीपभर लोकांशी बोलणारा माणूस, पण तिथे ते एक्स-रेवरच्या रेघांकडेच बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "पोरगी चालून राह्यली, पयून राह्यली, तिले काईच दुखत नाई. अन् तुमी म्हनता पाठ उघडाची?"

"आज दुखत नाही," डॉक्टर म्हणाले. "बाक वाढत गेला तर पुढे दुखेल. फुफ्फुसांना जागा कमी पडेल."

"अन् ऑपरेशनमंदी काई झालं तं?"

"पायांच्या नसांना इजा होऊ शकते. फार क्वचित होते. पण होणारच नाही असं मी म्हणणार नाही."

त्यानंतर घरात दोन पक्ष झाले. आई म्हणायची करू, बाबा म्हणायचे नाही. एकदा जेवताना दोघंही माझ्याकडे बघू लागले. "तुले काय वाटते?" आईने विचारलं. मी म्हटलं, "मले काई समजतच नाई." खरंच समजत नव्हतं. दुखत नसलेल्या गोष्टीसाठी पाय पणाला लावायचे? की कुबड येईपर्यंत थांबायचं? दोन्हींपैकी कशाचीही भीती वाटली की दुसरं बरोबर वाटायचं.

दिवाळीनंतरच्या एक्स-रेत बाक बराच वाढला होता. बाबांनी दोन्ही फिल्म स्वतःच खिडकीसमोर धरल्या. आधी एक, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. "करू," ते म्हणाले.

ज्यांच्या घरी हा प्रसंग येईल त्यांच्यासाठी सांगते. आधी एमआरआय करतात, मज्जारज्जूत काही वेगळा दोष नाही ना ते बघायला. श्वासाची तपासणी करतात, एका नळीत जोरात फुंकायचं असतं. ऑपरेशनमध्ये मणक्यांत स्क्रू बसवतात आणि त्यांना दोन सळया जोडून कणा जमेल तेवढा सरळ करतात. पुढे ते मणके एकमेकांत जुळून एक हाड होतं, त्याला फ्युजन म्हणतात. तेवढा भाग मग कधीच वाकत नाही. ऑपरेशन चालू असताना पायांना तारा लावलेल्या असतात. नसांतून संदेश जातोय की नाही हे मशीनवर बघतात. त्याला न्यूरोमॉनिटरिंग म्हणतात.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टर म्हणाले, "जाग आली की मी पाय हलवायला सांगेन. हलवायचे."

जाग आली तेव्हा घसा कोरडा होता आणि पाठीवर कोणीतरी दगड रचून ठेवल्यासारखं वाटत होतं. "प्रज्ञा, पाय हलव." मी हलवले. "डावा हलव." मी हलवला. ते पुन्हा म्हणाले, "डावा." मी म्हटलं, "हलवून तं राह्यली!" मला वाटत होतं मी हलवतेय. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कळलं, पाय तिथेच आहे.

तिथून सगळं घाईत झालं. मशीनवर ऑपरेशनभर संदेश नीट दिसत होते, असं कोणीतरी बोललं. मग हा पाय का हलत नाही? मला पुन्हा नेऊन सीटी स्कॅन केला. स्क्रू जागच्या जागी होते. डॉक्टरांनी आईबाबांना सांगितलं, बहुधा नसेवर सूज आहे, औषध सुरू केलंय.

"हालंन ना पाय?" बाबांनी विचारलं.

"बहुतेकांचा हलतो. हिचा कधी, किती, ते आत्ता मला सांगता येणार नाही."

"तुमालेच मालूम नाई तं कोनाले मालूम?" बाबा ओरडले. आयसीयूच्या दारातून मला ते ऐकू आलं. तरीही डॉक्टर येत राहिले. दर वेळी पायाला टोचून विचारायचे, कळतंय का? कधी मला कळल्यासारखं वाटायचं, कधी मी अंदाजाने हो म्हणायचे. खरं काय ते मलाच सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई माझे पाय ओल्या कपड्याने पुसत होती. ती एकदम थांबली. "आता काय केलं तुनं?"

"काईच नाई."

"पुन्हा कर."

काय करायचं ते मला माहीत नव्हतं. मी फक्त डाव्या अंगठ्याचा विचार केला. आई नर्सला हाक मारायला धावली, हातातला कपडा माझ्या पायावरच राहिला.

पाय हळूहळू परत आला. पण मला उभं केलं तेव्हा मी रडू लागले. "मी डाव्या बाजूले पडून राह्यली, मले धरा!" फिजिओथेरपिस्ट ताईंनी चाकांवरचा आरसा समोर आणला. आरशात एक मुलगी अगदी सरळ उभी होती. खांदे सारखे. शेजारी उभ्या आईपेक्षा उंच. ताई म्हणाल्या, "तुझ्या मेंदूला वाकड्याची सवय आहे. त्याला वेळ दे." मी डोळे मिटले की पडत होते, उघडले की सरळ होते. कितीतरी दिवस मी डोळ्यांवर विश्वास ठेवून चालले.

घरी आणताना बाबांनी जीप इतकी हळू चालवली की मागच्या ट्रॅक्टरने हॉर्न दिले.

आता मी कॉलेजला आहे. पाठीचा मधला भाग वाकत नाही. खाली पडलेलं उचलायला गुडघ्यात बसावं लागतं. डाव्या मांडीवर तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे. थंडीत पाठ आखडते. म्हणजे जी पाठ आधी दुखत नव्हती ती आता कधी कधी दुखते, आणि तरीही ऑपरेशन चुकलं असं मला वाटत नाही. हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं आहे, ते मी कोणाला पटवून देऊ शकत नाही. त्या डॉक्टरांचे आभार मानायला गेले तेव्हा ऑपरेशनबद्दल नाही बोलले. "मला सांगता येणार नाही" म्हणाल्याबद्दल मानले. खोटं सांगितलं असतं तर तो पाय हलेपर्यंतचा वेळ मला अजून अवघड गेला असता.

परवा केनवडहून एक बाई आपल्या मुलीला घेऊन आमच्याकडे आल्या. आरती, आठवीत आहे. तिचीही पाठ वाकडी आहे, नागपूरला ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. आई तिच्या आईशी बोलत होती आणि ती पोरगी ओढणी खांद्यावर पुन्हा पुन्हा नीट करत बसली होती. मी तिला आत नेलं. म्हटलं, विचार काय विचारायचं ते. मला वाटलं ती पायांचं विचारेल.

ती ओढणीचं टोक धरून पलंगाच्या कडेला टेकली. मग म्हणाली, "ताई, ऑपरेशन झाल्यावर कुशीवर निजता येते का?"

"येते," मी म्हटलं. "सुरुवातीले कोनीतरी वळवून द्या लागते. मंग आपलं आपल्याले जमते."

"दोन्ही कुशीवर?"

"दोन्ही."

तिने ओढणी सोडली आणि पाय वर घेऊन पलंगावर नीट बसली. "मंग सांग," ती म्हणाली, "पयल्यापासून सांग."