मोहन्यातलं विसरणारं मशीन

घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसने कॉम्प्युटर भंगारात काढलेले. कारण काय, तर नवी सिस्टिम त्यांच्यावर चालत नाही. बाकी बहुतेक धडधाकट. ‘माणसांनाही असंच काढतात’ हे वाक्य मी या मशिनांबद्दल गावात वाटायच्या पत्रकात टाकलेलं. मोहन्याच्या वाचनालयाच्या अध्यक्षांनी ते खोडलं. “कारखाना बंद पडलेल्या गावात हे छापून वाटणार तू?” म्हणाले. बरोबर होतं त्यांचं, तरी मला राग आलेला.

टेम्पोने मशिनं वाचनालयात आणली. उघडली तर आत धुळीची गादी. मेलेल्यांची रॅम काढून चालत्यांत घातली, ऑफिसचा जुना डेटा पुसला, फुकट मिळणारं लिनक्स टाकलं. मग ज्यासाठी हा उपद्व्याप होता ते केलं. पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल बटण, ‘काम संपलं’. दाबलं की मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होतं, आणि बसून गेलेल्या माणसाचं त्याच्यात काही उरत नाही. ना फाइल, ना पासवर्ड, ना काय काय बघितलं ते.

हे कशाला, तर समोरच्या गल्लीतल्या सायबरवाल्यामुळे. माणूस वाईट नाही, हीच तर अडचण. सगळ्यांचे अर्ज तोच भरतो. पासवर्ड तोच बनवतो, नाव आणि पुढे १२३. मोबाइल नंबर विचारला की स्वतःचा टाकतो. का, तर “लोक नंबर बदलतात, माझा कायम आहे.” मी चिडून घरोघरी पत्रकं वाटली. लोक म्हणायचे, “अगं, बरंय की. त्याच्याकडे सगळं असतं आमचं.” कौतुकाने म्हणायचे.

पहिले काही दिवस मशिनांपुढे कोणी बसलं नाही. मग एक मुलगी आली. बारावी झालेली.

“ताई, हे खरंच विसरतं?”

“दाबून बघ.”

तिने स्वतःचं नाव टाइप केलं, बटण दाबलं, शोधलं. पुन्हा केलं. मग खुर्ची पुढे ओढून सांगायला लागली. गेल्या वर्षी नाशिकच्या नर्सिंग कोर्सचा अर्ज सायबरवाल्याकडून भरलेला. निवड झाल्याचा मेसेज अर्थात त्याच्या नंबरवर. त्याने चहाच्या टपरीवर तिच्या वडलांना पेढे मागितले. चारचौघांत. वडलांना अर्ज केल्याचंही माहीत नव्हतं. घरी आले ते “एकटी पोरगी नाशिकला? नाही” म्हणतच आले. विषय संपला.

“या वेळी मला सांगायचंय,” ती म्हणाली. “आधी नाव लागू दे. मग मी सांगणार, घरी. दुसऱ्या कोणी नाही.”

तिने अर्ज भरला, नंबर स्वतःचा टाकला. यादी लागली का बघायला रोज यायची.

एक दिवस तिचे वडील माझ्या टेबलाशी आले. बंद पडलेल्या रेयॉन कारखान्यातले जुने कामगार, रोज पेपर वाचायला यायचे.

“माझी पोरगी इथे काय करते?”

माझ्या तोंडाशी अख्खं पत्रक आलेलं. सज्ञान मुलीचा हक्क, खाजगीपणा, सगळं. पण हक्काचं भाषण ठोकलं असतं तर तिथेच त्यांना कळलं असतं की काहीतरी आहे. आणि माहीत नाही म्हणणं खोटं.

“कोण काय करतं ते मी सांगत नाही, काका. मशीनला तर आठवतच नाही.”

“तुला आठवतं ना?”

“आठवतं. सांगणार नाही.”

ते माझ्याकडे बघत राहिले, मग मशीनकडे. “मी बसलो तर माझंही नाही सांगणार?”

“नाही.”

“मग तिकडे बघ.”

मी खिडकीकडे तोंड केलं. एका बोटाने टाइप केल्याचा आवाज. टक. बराच वेळ काही नाही. टक. हा माणूस काय शोधत असेल? मुलीचं नाव? नाशिक? की भलतंच काही? मान वळवायची इतकी इच्छा मला मोर्च्यात पोलीस मागे असतानाही झाली नव्हती. मग मशीनचा पंखा थांबला आणि पुन्हा घरघरला. बटण दाबलेलं. पेपर न वाचताच ते गेले.

यादी लागली तेव्हा मुलगी पडद्याकडे बघून उठली ती थेट घरी. बटण दाबायचं राहिलं. मी दाबलं.

दुसऱ्या दिवशी वडील आले. “हॉस्टेल स्टेशनपासून लांब आहे का गं?”

“कुठलं हॉस्टेल?” मी म्हणाले.

ते हसले. “काल जेवताना सांगितलं तिने. भांडलो. मग जेवलो.”

मला राहवेना. “काका, त्या दिवशी तुम्ही काय शोधत होतात?”

“तुझं मशीन विसरलं ना?”

“हो.”

“मग झालं तर.”

ते जाऊन पुन्हा मशीनपुढे बसले आणि चष्मा पुसत थांबले. मी खिडकीकडे वळले.