झाडूला बांधलेली लाल चिठ्ठी

देऊळगाव राजाच्या रस्त्यावरच्या एका डाळ मिलमध्ये मी सुपरवायझर होतो. पुण्याहून आलेल्या सल्लागारांनी नियम घालून दिला होता: जी वस्तू आठ दिवस वापरात नाही, तिला लाल चिठ्ठी बांधायची आणि मिलबाहेर काढायची. कामगारांकडून सुधारणाही मागवायच्या.

सुधारणा सुचवली ती झाडणाऱ्या बाईनं. "साहेब, चाळणीखाली ताडपत्रीची झोळी बांधा अन् भुसा सिधा भट्टीत सोडा. खाली पाडून मंग मले कायले झाडाले लावता?"

तसं केलं. धूळ थांबली, भुशावर डाळ वाळवायची भट्टी चालली, कोळसा वाचला. पर्यावरणाचं बक्षीस मिळालं, ते मी घेतलं. फोटोत ती नव्हती. असणार कशी, तिला मीच खुर्च्या पुसायला पाठवलं होतं.

आठ दिवस झाडण्यासारखं काही पडलंच नाही. मी तिच्या झाडूला लाल चिठ्ठी बांधली. तिला वाचता येत नव्हतं, पण त्या चिठ्ठीचा अर्थ मिलमध्ये सगळ्यांना ठाऊक होता.

"झाडूले काऊन बांधता, साहेब?" तिनं मनगट पुढे केलं. "इथं बांधा ना."

मला लाज वाटली असं लिहायला आवडलं असतं. मी एवढंच विचारलं, "झाडू कंपनीचा आहे की तुझा?"