भर उन्हातला चेहरा

“बघा की नीट!” असं म्हणून ती हनुवटी वर करायची आणि समोरच्याला बघायला चक्क वेळ द्यायची. समोरचा बहुधा रिक्षावाला असे आणि त्याने तिला नुकतंच इंग्रजीत विचारलेलं असे, मॅडम, कुठला देश? “हल्याळ, अण्णा,” ती कर्नाटकातल्याच आपल्या गावाचं नाव खणखणीत कन्नडमध्ये सांगायची. मग भाडंही कमी करून घ्यायची.

ती सिद्दी समाजाची. तिचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणले गेले होते. घरी कोकणी-मराठी, बाहेर कन्नड. बंगळुरात व्हाइटफील्डच्या आमच्या ऑफिसात ती टेस्टर, म्हणजे ॲप तपासून मंजुरी देणारी, होती आणि आमचं ॲप कर्ज देणारं होतं. अर्जदाराने फोनसमोर चेहरा धरायचा, यंत्राने तो ओळखपत्राशी ताडून पाहायचा आणि कर्ज द्यायचं की नाही ते तिथल्या तिथे ठरवायचं. मी तिच्या शेजारच्या टेबलावर. पुण्याचा असल्यामुळे अर्थातच तिची मराठी सुधारायला गेलो. थोड्याच दिवसांत मीच ‘जरा’ऐवजी तिचं कन्नड ‘स्वल्प’ घालून “स्वल्प थांबा की” म्हणू लागलो.

तिच्या आईला गावात पिठाची गिरणी टाकायची होती. लेकीच्याच ॲपवर तिने हौसेने अर्ज केला. यंत्र म्हणालं, उजेडात या. आई अंगणात आली. पुन्हा तेच. शेवटी ‘संशयास्पद’ ठरवून यंत्राने अर्ज नामंजूर केला. आईने लेकीला फोन केला, “मी काय खोटं बोलले गं?” हे मला सांगताना ती पहिल्यांदाच खाली बघून बोलली. मला फार वाईट वाटलं.

तिने तक्रार केली तेव्हा आमचे साहेब म्हणाले, “लाइटिंगचा इश्यू आहे. होते एखादी केस अशी.”

“मग चला की गच्चीवर,” ती म्हणाली.

एप्रिलचं भर दुपारचं ऊन. तिने फोन स्वतःसमोर धरला. ‘कृपया उजेडात या.’

“आता सूर्य स्वल्प खाली ओढू काय, सर?”

सगळे हसले. साहेबही हसले, पण नवी आवृत्ती सोमवारीच बाहेर काढायची म्हणाले. “माझी मंजुरी नाही,” ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

सोमवारी खालून सिक्युरिटीचा फोन आला, परदेशी पाहुणे आलेत. बघतो तर तिची आई, दोन मावश्या आणि मामा! चांगल्या कपांतून कॉफी मिळाली होती. गार्ड मावशीला इंग्रजीत इमारतीची माहिती देत होता आणि मावशी कन्नडमध्ये “सरी, सरी”, बरं बरं, म्हणत होती.

गच्चीवर एकेकाने फोन धरला. यंत्राने एकालाही ओळखलं नाही. मग तिने मला पुढे ढकललं. त्याच जागी, त्याच उन्हात, वाढलेल्या दाढीनिशी मी क्षणात पास झालो. या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांनी तिथूनच फोन करून नवी आवृत्ती थांबवली.

यंत्राला शिकवायला दिलेल्या चेहऱ्यांत असे चेहरे जवळपास नव्हतेच. ते दुरुस्त करायला कित्येक महिने लागले आणि तेवढे महिने तिने आम्हाला सळो की पळो करून सोडलं.

नवं यंत्र तयार झालं तेव्हा आई पुन्हा आली. चेहऱ्याभोवतीचं वर्तुळ लगेच हिरवं झालं. कर्ज मंजूर! आईने पडदा निरखून पाहिला आणि ‘नको’वर बोट ठेवलं.

“गिरणी कधीच सुरू झाली. आमच्या बायकांच्या संघानं दिले पैसे. मी आले ते ह्याला मी दिसते काय बघायला.”

लेक तेव्हा रडली. आम्हीही.

आता ती दुसऱ्या कंपनीत आहे. पण प्रत्येक नव्या आवृत्तीआधी आम्ही दुपारी गच्चीवर जातोच. परवा साहेबच सर्वांच्या पुढे जिना चढत होते. वर पोचलो, फोन काढले आणि कुणीतरी हनुवटी वर करून ओरडेल म्हणून सगळेच क्षणभर थांबलो.